कावासेमीतल्या बदललेल्या जागा

जपानमधल्या मोरिओकाच्या ‘कावासेमी’ या कॉफीच्या दुकानात बोलायला बंदी होती. तशी दारावर पाटीच होती. तरी कोणी कुजबुजलंच, तर दुकानाचा मालक नुकादा मास्टर काउंटरमागून असा बघायचा की बोलणाऱ्याचा घोट घशातच अडकावा. जॅझ ऐकायचं, कॉफी प्यायची, गुपचूप घरी जायचं. एक्केचाळीस वर्षं हाच खाक्या.

दुकानाचं दैवत म्हणजे तिथलं रेकॉर्ड वाजवायचं टर्नटेबल. साठच्या दशकातलं, स्विस, उचलायला दोन माणसं लागणारं. ते जरासुद्धा हादरू नये म्हणून मास्टरने थडगी घडवणाऱ्या पाथरवटाकडून ग्रॅनाइटची जाड लादी आणून खाली घातली होती. लादी नीट जपा, पुढेही उपयोगी पडेल, असं त्याची बायको यासुए म्हणायची.

गेल्या हिवाळ्यात त्याने या टर्नटेबलाला नवी दांडी बसवली, सुई जिच्या टोकाला असते ती. ओसाकाच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे नाव नोंदवून तीन वर्षं वाट पाहिली होती. दांडी आली तशी स्वारी हवेत. दोन दिवस दुकान बंद. सुईमागच्या केसाएवढ्या चार वायरी त्याने भिंग लावून, चिमट्याने, श्वास रोखून स्वतः जोडल्या. मग मधल्या खुर्चीत बसून रेकॉर्ड ऐकली. सॅक्सोफोनवाल्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. जन्माचं सार्थक झालं म्हणाला.

आणि आठवड्याभरात गिऱ्हाइकं जागा बदलायला लागली. निवृत्त पोस्टमन ओइकावासान वीस वर्षं उजव्या भिंतीशी बसायचे, ते डाव्या भिंतीशी बसू लागले. दाताच्या डॉक्टर कुजुमाकीसान डावीकडच्या, त्या उजवीकडे गेल्या. मग एकेक करत सगळेच. मास्टरने ठरवून टाकलं की नवा आवाज यांना रुचलेला नाही, बरा ऐकू येईल असा कोपरा शोधताहेत बिचारे. पण तोंडावर सांगणार कोण? आमच्याकडची माणसं ही. पायावर कोणी पाय दिला तरी माफी आपणच मागणार.

तीन महिने तो नुसता कुढला. शेवटी यासुएला म्हणाला, टर्नटेबल विकतो आणि दुकानाला कुलूप लावतो. ती लोणच्यासाठी मुळा चिरत होती. तिने सुरीही थांबवली नाही.

“अहो, आधी कोणाला विचारा तरी. एक्केचाळीस वर्षं लोकांची तोंडं शिवून ठेवलीत, आता त्यांच्या मनातलं तुम्हाला कळणार कसं?”

दुसऱ्या दिवशी त्याने ओइकावासानना नदीच्या पुलावर गाठलं. म्हातारा आधी थंडीबद्दल बोलला, मग यंदा चेरी उशिरा फुलणार त्याबद्दल. मास्टर काही हटेना.

“ड्रम उजवीकडून डावीकडे गेलेत, मास्टर,” ओइकावासान शेवटी म्हणाले. “मला ड्रमशेजारी बसायची सवय. म्हणून मीही गेलो.”

म्हणजे वायरी उलट जोडल्या होत्या. डाव्या स्पीकरच्या उजव्याला, उजव्याच्या डाव्याला.

“मग सांगितलं का नाही?”

“आत बोलायला बंदी आहे ना.” मग पुलाच्या कठड्याकडे बघत ते हळूच म्हणाले, “आणि तुम्हाला ते ऐकू आलं नाही, हे आम्हाला कळलं होतं.”

 मास्टरने डाव्या कानात बोट घातलं. खाली नदी खळाळत होती, पण आवाज नव्हता. एका कानाने आवाजाची बाजू कळत नसते, आणि उजवा कान कधी गेला याचा त्यालाच पत्ता नव्हता. आणि त्याला ते कळून वाईट वाटू नये म्हणून अख्खं दुकान मुकाट्याने इकडचं तिकडे जाऊन बसलं होतं. त्याला लाज वाटली, आणि इतकं भरून आलं की ओइकावासानना निघतो म्हणून सांगायचंही राहिलं.

शनिवारी सगळे आले. वायरी पुन्हा जोडून झाल्या होत्या. पहिली रेकॉर्ड सुरू झाली आणि दोन मिनिटांत सगळे उठून आपापल्या जुन्या जागी जाऊन बसले. मास्टरने सुई उचलली. दारावरची पाटी काढून काउंटरवर पालथी घातली.

“माझा उजवा कान गेलाय,” तो म्हणाला. “यापुढे काही चुकलं तर मला सांगायचं. इथे, आत.”

 मग कुजुमाकीसाननी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

“कॉफी, मास्टर. पाच वर्षं झाली, नुसतं पाणी असतं.”

“सहा,” ओइकावासान म्हणाले.

मग पंख्याची कुरकुर निघाली, डगमगणारी खुर्ची निघाली. मास्टरने कागद-पेन्सिल घेतली आणि डावा कान पुढे केला.