शुभेच्छुकांच्या रांगेतले मामा

विरोधी पक्षाच्या फ्लेक्सकडे आमच्या घरमालक मामांइतकं निरखून खुद्द त्या पक्षानेही कधी पाहिलं नसेल. शाहूवाडीच्या डोंगरातून कॉलेजसाठी मी कोल्हापुरात आलो, मामांची मागची खोली घेतली आणि पहिल्याच सकाळी हादरलो. कोपऱ्यावरच्या फ्लेक्ससमोर उभे राहून मामा त्यावरच्या नेत्याशी तावातावाने भांडत होते. "हात जोडलाईस व्हय? आणि अंगठ्या तेवढ्या म्होरं!" मग माझ्याकडे वळून, "बघा पावणं, नळाला पाणी न्हाय आणि ह्यो हसतोय! मिशीबी हेची न्हवं, संगणकात उगावलीया." त्यांच्या मते त्या पक्षाजवळ कडक इस्त्री आणि फ्लेक्स सोडून काहीच नव्हतं. त्या फ्लेक्सच्या सावलीत ते चहासुद्धा पीत नसत. कप घेऊन उन्हात जाऊन उभे राहत, आणि त्यांच्याबरोबर मीही. त्यांच्या स्वतःच्या नेत्याची मिशीही तितकीच काळीभोर आहे, असं मी एकदा बोलून गेलो, तर आठवडाभर अबोला. एरवी माया फार. फक्त मला ते कायम 'पावणं'च म्हणत, नावाने कधी नाही.

त्यांच्या पक्षाच्या सतरंज्या अंथरण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती, पण पक्षाच्या एकाही फ्लेक्सवर त्यांचा चेहरा आला नव्हता. मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला, तेव्हा मामांनीच माझा फ्लेक्स लावला. वर हातभर अक्षरांत 'सदाशिव', खाली शुभेच्छुक म्हणून फेटा बांधलेले एकटे मामा. मी लाजून खाली बघत होतो. मामा म्हणाले, "मान वर करा की! तुमचं हसणं तरी खरं हाय."

पुढच्याच महिन्यात विरोधी नेत्याचा वाढदिवस आला आणि सकाळी सकाळी कोपऱ्यावरून मामांची किंकाळी ऐकू आली. मी धावलो. शुभेच्छुकांच्या रांगेत, फेट्यासकट, मामा! फ्लेक्सवाल्याने माझाच जुना फ्लेक्स संगणकावर उघडून त्यात नवा बसवला होता, आणि एक चेहरा पुसायचा राहिला होता.

"आरं, इकलं की मला ह्येंनी! आता पक्ष ठेवतोय व्हय मला?"

कुणी चुगली करायच्या आत आपणच सांगायचं म्हणून मामा मला साक्षीला घेऊन पक्षाच्या ऑफिसात गेले. मोबाइलवरचा फोटो त्यांनी तरुण शहराध्यक्षांपुढे धरला. अध्यक्षांनी तो मोठा करून पाहिला.

"बरं, मग? कोण हाय ह्यो फेटेवाला?"

"मीच की, सायेब."

"असं व्हय. बसा, बसा. कुठल्या वार्डातलं म्हणायचं, पावणं?"

मामा बसले नाहीत. इतका वेळ हादरलेले मामा तिथे एकदम शांत झाले, आणि हादरलो मी.

परत आलो तेव्हा फ्लेक्सवाला ओशाळून शिडी लावत होता, मामांच्या चेहऱ्यावर कागद चिकटवायला. आता त्याची खैर नाही, असं मला वाटलं. मामांनी मान वर करून फ्लेक्स पाहिला. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे गा. फेटा बरा आलाय."

त्यांनी टपरीवर दोन चहा सांगितले, कप घेतला आणि तिथेच, त्या फ्लेक्सच्या सावलीत टेकले. मी सवयीने उन्हात जाऊन उभा राहिलो होतो.

"सदाशिव," मामांनी हाक मारली, "हिकडं ये की लेका. सावलीत."