कंट्रोलरचा संताप वेळेवर सुटायचा

कंट्रोलरला दिवसातली पहिली किळस यायची ती नळाची. पाणी यायच्या आधी नळ नुसता खाकरायचा, गुरगुरायचा, दोन पिवळट थेंब टाकायचा आणि गप्प बसायचा.

"ऐकलंस? सरकार बोललं," तो बायकोला म्हणायचा.

"पाणी आलं की बादली लावा. सरकारशी नंतर भांडा," बायको म्हणायची.

दुसरी किळस वर्तमानपत्राची. एकाच पुलाचं दोनदा उद्घाटन, आणि दोन्ही वेळा फोटोत तेच दात. तिसरी फुटपाथची, जो लग्नातल्या नवरीसारखा सारखा सजवायचा आणि परत उकरायचा. मग बँकेचा फोन, ज्यातली बाई 'एक दाबा, दोन दाबा' म्हणत माणसाचा गळाच दाबते. दुपारपर्यंत कंट्रोलरचं पोट किळसेनं भरलेलं असायचं, जेवण नावालाच.

हयातभर तो बस डेपोत वाहतूक कंट्रोलर होता. काचेची केबिन, समोर माइक, बाजूला गार झालेला चहा. गाडी सुटायची ती त्याच्या शब्दावर. ड्रायव्हर पान थुंकायला गेलाय म्हणून गाडी थांबली, असं त्याच्या राज्यात घडलं नाही. दोन गाड्यांच्या मध्ये तो इतिहासाचे जाडजूड ग्रंथ वाचायचा, आणि कुठलं राज्य कशानं बुडालं हे ड्रायव्हरांना ऐकवायचा. बहुतेक राज्यं शिस्त गेल्यामुळे बुडाली होती. ड्रायव्हर मान डोलवायचे, कारण रजा त्याच्याच हातात होती.

निवृत्त झाल्यावर सोडायला गाड्या उरल्या नाहीत, तेव्हा तो संताप सोडायला लागला. भाच्यानं एकदा ब्लॉग काढून दिला. नाव ठेवलं 'स्पष्टच सांगतो'. रविवारी तो टेबलाशी बसायचा, आठवड्याचे सगळे लेख एकदम लिहून काढायचा आणि संगणकाला वेळा लावून द्यायचा. रोज सकाळी सातच्या ठोक्याला एक लेख आपोआप जगात. त्या दिवशी कंट्रोलर झोपलेला असो, तापानं फणफणलेला असो, लेख सुटणार. "आपली गाडी कधी लेट नाही," असं तो अभिमानानं सांगायचा. एकदा लिहून वेळ लावली की तो लेख विसरून जायचा. सुटलेल्या गाडीमागे कंट्रोलर धावत नाही.

वाचणारे थोडे होते, पण कडवे होते. त्यांत निवृत्त पोस्टमास्तर अव्वल. सात वाजून गेले की त्याचा फोन यायचाच.

आणि एक नियम होता. लिहिलेलं काढायचं नाही. गावातला जुना घड्याळाचा मनोरा पाडून तिथे पार्किंग केलं, बांधणाऱ्यांच्या नावांची फरशी कचऱ्याच्या ट्रकमध्ये गेली, तेव्हा त्यानं लिहिलं होतं, 'पुसणारा हात चोराचा असतो. चुकलं असेल तर खाली चूक लिहा, पुसू नका.' स्वतः तो तसंच वागायचा. एका राजाच्या मृत्यूचं साल त्याच्या हातून चुकलं होतं. ते तसंच ठेवून खाली दुरुस्ती लावली होती, आणि त्या दुरुस्तीचा त्याला मूळ लेखापेक्षा जास्त अभिमान होता.

तर मंगळवारी संध्याकाळी त्याची लेक आली. एका खांद्याला पिशवी, उजव्या हाताच्या दोन बोटांना जाड पट्टी. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. लोकांच्या शिरा शोधायचा तो हात.

"बोटांना काय झालं?"

"दारात सापडली."

"हल्लीची दारं!" कंट्रोलर सुरूच झाला. "बिजागऱ्या कागदाच्या, चौकटी भुशाच्या. आमच्या वेळी सुतार दार बसवायचा तर—"

"अहो," बायको म्हणाली, "तिला आत तर येऊ द्या."

रात्री मायलेकी आतल्या खोलीत कुजबुजत होत्या. त्यानं विचारलं तर बायको म्हणाली, "उद्या बोलेल ती. आज काही विचारू नका." त्याला दारांवर एक लेख लिहावासा वाटत होता. मुद्दे मनाशी जुळवत तो झोपला.

सकाळी चहा घेताना पोस्टमास्तरचा फोन आला.

"कंट्रोलर, आज तोडलंत! मी बायकोला दोनदा वाचून दाखवला. हे बोलायला छाती लागते."

"कोणता हो?" कंट्रोलरला खरंच आठवेना.

"घ्या! 'माहेरचं दार'!"

मग आठवलं. रविवारी लिहिला होता. वरच्या मजल्यावरच्या बाईंची मुलगी नवऱ्याशी भांडून आली होती आणि तिच्यासाठी खोलीला रंग देत होते. त्या रंगाचा वास खाली आला आणि कंट्रोलरच्या डोक्यात गेला. त्यानं लिहिलं होतं, 'पूर्वी मुलगी रुसून आली की बाप तिला चहा पाजायचा आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून द्यायचा. आता बाप खोली रंगवतो. माहेरचं दार सताड उघडं राहिलं की सासरचं घर तुरुंग वाटायला लागतं.'

शेवटच्या वाक्यावर त्या वेळी तो स्वतःच खूश झाला होता.

फोन ठेवेपर्यंत दुसरा आला. जावई. कंट्रोलरला कमी ऐकू यायचं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर.

"बाबा, वाचला लेख. अगदी माझ्या मनातलं लिहिलंत."

"हं," कंट्रोलर म्हणाला.

"तिथेच आहे ना ती? तिलाही वाचून दाखवा. म्हणजे मला वेगळं सांगायला नको. चहा पाजा आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून द्या. तुमचेच शब्द आहेत, बाबा." आणि तो हसला. मोकळं, आपुलकीचं हसला.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. पुढे येऊन तिनं डाव्या हातानं फोन बंद केला.

"मी आले म्हणून लिहिलंत?"

"अगं नाही! रविवारी लिहिलेला. त्या वरच्या... मला काय माहीत तू येणार आहेस ते?"

"म्हणजे मी आल्यावर लिहिला नसतात?"



"दारात बोटं कशी सापडली विचारा," बायको ओट्याकडे तोंड करून म्हणाली. "बिजागऱ्यांचं काय ते नंतर बघू."

लेकीनं सांगितलं. रडली नाही, लॅबचा रिपोर्ट वाचावा तसं सांगितलं. दवाखान्यात पट्टी बांधायला म्हणून सुटली, ती तिथूनच इकडे आली होती. तिनं नोकरी सोडावी असं नवऱ्याला वाटायचं. ती सोडेना. मग तो कामाला जाताना बाहेरून कुलूप लावून जायला लागला. तीन दिवस ती आत. लॅबमध्ये ती आजारी आहे म्हणून त्यानंच कळवलं. सोमवारी तो निघताना तिनं दार धरून ठेवलं.

"मग त्यानं लावून घेतलं."

"त्याला दिसलं नसेल बोटं मध्ये—"

"बाबा, त्यानं आधी बोटांकडे बघितलं. मग लावलं."

कंट्रोलर उठला, नळापर्यंत गेला, परत आला.  सरकारची, फुटपाथची, बँकेच्या बाईची किळस वरवरची असते, अंगावर बसलेल्या माशीसारखी. ही आतून येत होती. तुरुंग हा शब्द त्यानं किती ऐटीत वापरला होता.

"थांब," तो म्हणाला, "आता बघ कसा सोलतो त्याला. खाली दुरुस्ती लावतो. कुलूप, बोटं, लॅबला केलेला खोटा फोन, सगळं. नावानिशी. जगाला कळू दे जावई काय चीज आहे!" तो टेबलाशी बसलासुद्धा. बोटं शिवशिवत होती. असा विषय कित्येक दिवसांत मिळाला नव्हता.

"नाही," लेक म्हणाली.

"नाही काय?"

"माझं काही लिहायचं नाही तुम्ही. लॅबमध्ये माझे साहेब आहेत, मैत्रिणी आहेत. पोस्टमास्तरकाकांनी माझी बोटं बायकोला दोनदा वाचून दाखवायला नकोत. मी पोलिसात जाईन, वकिलाकडे जाईन, ते माझं मी ठरवीन. तुम्ही फक्त तो लेख काढा."

"काढू? अगं, मी कधी—"

"माहितीये. पुसणारा हात चोराचा."

"मग कारण तरी लिहितो. एक ओळ. नाहीतर लोक म्हणतील घाबरला, विकला गेला."

"म्हणतील," लेक म्हणाली.

बायकोनं त्याच्यापुढे चहा ठेवला. "आयुष्यभर दुसऱ्यांना स्पष्ट सांगितलंत," ती म्हणाली. "एकदा गप्प बसून बघा. जमतंय का."

त्यानं लेख काढला. बटण कुठे असतं तेच माहीत नव्हतं, कधी लागलंच नव्हतं. लेकीनं डाव्या हातानं दाखवलं. 'माहेरचं दार' होता तिथे पांढरी जागा आली, आणि खाली दुरुस्ती नाही, खुलासा नाही, काही नाही.

दुपारपर्यंत ब्लॉगवर माणसं जमली. 'लेख कुठे गेला?' 'वरून फोन आला वाटतं!' 'बाकीच्यांना कणा शिकवणारे स्वतः मात्र लोळले.' पोस्टमास्तरचा आवाज तर दुखावलेल्या नातेवाइकासारखा होता.

"कोणत्या पार्टीनं दबाव आणला, तेवढं सांगा. आपण आहोत पाठीशी."

"कुणी नाही हो. घरचं काम होतं."

"घरचं? वहिनींना झोंबला की काय? कंट्रोलर, बायकांचं ऐकून राज्यं बुडालीत, तुम्हीच लिहिलंय. या आजकालच्या पोरींना तर जरा—"

"पोस्टमास्तर," कंट्रोलर म्हणाला, "फोन ठेवा." आणि स्वतःच ठेवला.

संध्याकाळी जावई आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मोबाइल. कंट्रोलर जिन्यातच त्याला आडवा झाला. वरच्या बाई कठड्यावरून वाकल्या. समोरचे शिंपी दार किलकिलं करून उभे राहिले.

"न्यायला आलोय," जावई म्हणाला.

"ती येणार नाही."

"असं कसं बाबा? लेख काढलात, पण माझ्याकडे फोटो आहे त्याचा." आणि तो मोठ्यानं वाचायला लागला, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा. वाचायचा चांगला. कंट्रोलरची वाक्यं जिथे थांबायला हवीत तिथे थांबायचा. "'माहेरचं दार सताड उघडं राहिलं की...' वरच्या काकू, तुमच्याकडून रंगाचा वास येतोय, हे तुमच्यावरच दिसतंय!"

वरच्या बाईंचं डोकं आत गेलं. कंट्रोलरच्या कानांच्या पाळ्या तापल्या. एका वाक्यात याची सालटी काढता आली असती. कुलूप हा एक शब्द पुरला असता. शिंपी ऐकायला टपलेलेच होते. तो शब्द जिभेवर आला, दातांपर्यंत आला. त्यानं तो गिळला.

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण," जावई म्हणाला. "हे वाक्यही तुमचंच आवडतं ना?"

"माझंच. लेखही माझाच," कंट्रोलर म्हणाला. "घर मोडू नये, हे मला आजही वाटतं. आणि ती येणार नाही. आता उतर."

"मी हे सगळीकडे टाकणार. लिहिणाऱ्याची स्वतःची मुलगी माहेरी बसलीये म्हणून."

"टाक."

त्यानं टाकलं. जिना उतरतानाच टाकलं असावं, कारण कंट्रोलर घरात येऊन टेबलाशी बसला तोवर ब्लॉगवर पहिला शेरा येऊन पडला होता. वाचक जुना, रोजचा. लिहिलं होतं, 'मुलीला दोन गोष्टी सोसायची शिस्त बापानं लावली नाही की अशी राज्यं बुडतात.'

वाक्याची ठेवण त्याच्याच हातची होती. तीच फेक, शेवटी तेच राज्य, तोच बुडायचा थाट. कितीतरी सकाळी पेरलेलं आता त्याच्या दारात उगवत होतं, आणि त्याचा वास त्याला सोसवेना. त्यानं उत्तर लिहायला घेतलं. 'तुम्हाला माहीत नसेल तर' एवढं लिहून झालं.

आत लेक लॅबच्या साहेबांशी फोनवर बोलत होती. हळू, सरळ आवाजात. उजव्या हातानं किती दिवस काम जमणार नाही, डाव्या हातानं काय काय करता येईल, असं.

कंट्रोलरनं ते चार शब्द पुसले. खाली आणखी एक शेरा येऊन पडला, त्याखाली आणखी एक. तो वाचत राहिला, एकाही शेऱ्याला उत्तर दिलं नाही.