रामीबाईचा जिवंत नवरा

किन्हीराजाजवळच्या तांड्यावर रामीबाई मदनसिंगाची बायको म्हणून आली, आणि तिसऱ्याच वर्षी तो फौजेत गेला. लढाई संपली, तांड्यातले दुसरे दोघे परतले. मदनसिंग विलायतेलाच राहिला. फौजेत तो कॅमेरा शिकला होता. पुढं त्याचं पत्र आलं. तिथं घरात चित्रं दिसणारी पेटी निघालीय, टेलिव्हिजन म्हणतात. तिच्यासाठी तो खेळ बसवतो, गोऱ्या नटांना उठबस सांगतो. हे काम करणारा दुसरा हिंदुस्थानी तिथं नाही. उकंडराव मास्तरांकडून रामीबाईनं ते पत्र तीनदा वाचून घेतलं.

सासूसासऱ्यांचं तिनंच केलं. दोघांना तिनंच पोचवलं. दुसरं घर कर म्हणणाऱ्या बायांना ती दंडावरचा चुडा दाखवायची. "माहा मानूस जित्ता हाये."

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात तांड्यावर जीप आली. मदनसिंग उतरला, मागून गोरा कॅमेरावाला. "बरी हायेस ना?" एवढं विचारून मदनसिंग कामाला लागला. गोऱ्यासमोर लाजत असंल, असं तिला वाटलं. दोन दिवस तो बोट गोल फिरवायचा की कॅमेरा घरघरायचा.

तिसऱ्या दिवशी त्यानं तिला बोलावलं. "दारात उभी राय. नवरा येऊन राह्यला अशी रस्त्याकडं पाय."

तिला हसू आलं. "तुमी तं इथंच हा. रस्त्याकडं कायले पाहू?"

"सांगतो तसं कर."

तिनं केलं. गोऱ्यानं काहीतरी विचारलं, मदनसिंगानं उत्तर दिलं, आणि शेजारी उभ्या मास्तरांचा चेहरा उतरला. मास्तरांना इंग्रजी येत होतं.

"मास्तर, काय म्हने तो? खरं सांगा."

मास्तर खाली बघत म्हणाले, "गोऱ्यानं इचारलं, ही बाई कोन? तं म्हने, तांड्यातली हाये. नवरा लढाईत मेला, पन अजून वाट पाहून राह्यली."

रामीबाई तडक मदनसिंगापुढं गेली. "मी कोन हाव तुही?"

"हळू बोल. तिथं माही बायको हाये, दोन लेकरं हायेत. तिले ठाऊक नाही. लय मरमर करून नाव कमावलं, रामी. सारं बुडंल."

"मंग एक कागद पाठवाचा होता. मी अडवलं असतं का तुले?"

ती उंबऱ्यावर बसली आणि दगडानं चुड्याची एकेक बांगडी फोडू लागली. गोऱ्यानं कॅमेऱ्यावरून हात काढला होता. मदनसिंगानं मान न वळवता बोट गोल फिरवलं. तिनं ते पाहिलं. सवत तिनं कशीबशी सोसली असती. हे बोट तिला सोसलं नाही.

जीप संध्याकाळीच गेली. तांड्याच्या नायकानं पंचायत बसवून तिला लग्नातून मोकळीक दिली, मदनसिंगाच्या वाट्याचं शेतही तिच्याकडं केलं.

दोन वर्षांनी मास्तरांना मदनसिंगाचं पत्र आलं. तो कार्यक्रम विलायतेत गाजला होता, त्याला इनाम मिळालं होतं. दारातल्या त्या विधवेला पाहून लोक रडले म्हणे.

मास्तरांनी शेतात जाऊन सांगितलं. रामीबाईनं खुरपं खाली ठेवलं.

"त्या लोकाईले लिवा, मास्तर. माहा नवरा मेला नव्हता. समोर उभा होता."

मास्तरांनी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या आणि वाशीमला जाऊन स्वतः टपालात टाकल्या. पाखिटावर पत्ता मदनसिंगाचाच होता. दुसरा त्यांना ठाऊक नव्हता.