सिल्लोडची लेथ आमच्या घरी येते

आमच्याकडं कुणी चहाला आलं की पहिला प्रश्न ठरलेला. "काय, झाली का मशीन?" मी एक किस्सा सांगायला घेतो. सुनंदा, म्हणजे आमची बायको, तो मध्येच दुरुस्त करते आणि दुरुस्त करता करता भलताच सांगते. असं करत मशीनचे पार्ट जुळायच्या आधी किस्सेच ढिगानं जमले. वैताग सगळा माझा, हसणारे दुसरेच!

मी वाळूजच्या एका कंपनीत टर्नर होतो. शेवटची वर्षं कॉम्प्युटरवाल्या मशीनवर गेली. बटण दाबायचं आणि काचेतून बघत बसायचं! रिटायर झालो तेव्हा ठरवलं, घरात एक जुनी, हातानं चालवायची लेथ हवी. लोखंड गरगर फिरतंय आणि त्याची साल आपल्या हातानं निघतेय, एवढंच सुख पाहिजे होतं. लई मागितलं का मी?

* * *

सिल्लोडच्या युसूफचाचांचं वर्कशॉप बंद होणार असं कळलं. पंपाचे शाफ्ट म्हणू नका, ट्रॅक्टरच्या पिना म्हणू नका, चाळीस वर्षं त्यांनी एकाच लेथवर काढली. आता डोळ्यांनी साथ सोडलेली. मी आणि कंपनीतला माझा दोस्त गायकवाड, दोघं गेलो.

चाचांनी मशीन दाखवायच्या आधी माझीच उलटतपासणी घेतली.

"भंगारात घालायची असंल तर चहा प्या अन् वापस जा."

"नाही चाचा, घरी ठेवणार. चालवणार."

"घरी? भाभीला विचारलं का?"

"व्हय, विचारलं की!"

"लावा फोन."

लावला. स्पीकरवर. सुनंदा म्हणाली, "हो हो, सांगितलंय त्यांनी. आणू द्या. शिलाई मशीनच ना?"

गायकवाड बाहेर जाऊन हसून आला. मी अर्धा तास फोनवर खिंड लढवली. शेवटी चाचा म्हणाले, "मशीन तर देतो मी. घर टिकतंय का तेवढं बघा!"

* * *

क्रेननं लेथ टेम्पोत चढवली आणि संभाजीनगरला आणली. इथवर सगळं छान. टेम्पो आमच्या गल्लीत उभा राहिला आणि कळलं, गेट चार इंच लहान! मी हॉलचं दार मोजलं होतं, मागची खोली मोजली होती. गेट मोजायचंच राहिलं. हँडलं काढून बघितली तरी जाईना.

गायकवाड कमरेवर हात ठेवून म्हणाला, "जिंदगीभर केसाच्या जाडीचं माप काढलंस, आणि चार इंच दिसले नाय व्हय रं?"

* * *

आता गेटचा खांब पाडणं आलं. गवंडी नेमका पिशोरला लग्नाला गेलेला. आठवडाभर मशीन गल्लीत, वर ताडपत्री. रोज सकाळी उठून मी आधी तिला बघून यायचो, मग दात घासायचो.

एके दिवशी बघतो तर ताडपत्री गायब आणि मशीनच्या बेडवर, म्हणजे तिच्या लांब सपाट पाठीवर, ओळीनं कुरडया! शेजारच्या काकूंनी घातलेल्या. गवंडी हातोडा घेऊन आला तर काकू आडव्या आल्या.

"दोन दिवस थांबा हो. लोखंड तापतं ना, दोन्हीकडनं छान वाळतायत!"

मी सुनंदाकडं बघितलं. ती म्हणाली, "थांबा की. आपल्यालाही देणारेत."

थांबलो!

* * *

मग गंज काढणं. सगळी मशीन खोलून पार्ट रॉकेलात भिजत घातले. घरातली टबं, परात, जुना कुकर, सगळं कामाला लागलं. बारीक स्क्रू हरवू नयेत म्हणून मी ते एका रिकाम्या डब्यात रॉकेल ओतून ठेवले. डब्यावर चिठ्ठी होती 'साबुदाणा'. असेना का!

एकादशीला सुनंदानं डबा उघडला. मी जीव मुठीत धरून उभा. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शांतपणे डबा माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "भिजत तर तुम्ही घातलाच आहे. दाण्याचं कूट किती घालू?"

* * *

लेथला थ्री फेज लाइन लागते. वायरमन आला, बोर्डाकडं बघून म्हणाला, "घरात थ्री फेज? गिरणी टाकताय का काय?"

मी वैतागून म्हणालो, "हो, गिरणी!"

तो गेला आणि तासाभरात बेल वाजली. दारात गल्लीच्या टोकाच्या मावशी, काखेत गव्हाचा डबा.

"बारीक दळा बरं का. पोळीसाठी पाहिजे."

* * *

पाच महिन्यांनी मशीन चालू करायचा दिवस उगवला. गायकवाड नारळ घेऊन आला. गल्ली दारात जमली. मी बटण दाबलं. मशीन फिरली... उलटी! दोन वायरी अदलाबदल झालेल्या. मी वायरमनला फोनवर झाडला.

"चालू झाली ना?" तो म्हणाला. "मग! सुलटीच फिरवायची हे तुम्ही आधी बोलले नव्हते."

* * *

मशीन नीट चालायला लागली तेव्हा युसूफचाचांना बोलावलं. ते मुलीला, नसीमाला घेऊन आले. ती सिल्लोडला शाळेत शिक्षिका, वय पंचेचाळीसच्या पुढं. मी नवा हिरवा रंग दाखवला. तीन हात दिलेले! त्याला मी सुनंदाला फडकंसुद्धा लावू देत नव्हतो.

चाचांना आता फारसं दिसत नाही. त्यांनी मशीनच्या डाव्या कडेवरून तळवा फिरवला. वर, खाली, पुन्हा वर.

"इथल्या खुणा कुठं गेल्या?"

"चरे पडले होते चाचा. पुट्टी भरली. बघा, कसं गुळगुळीत झालंय!"

चाचांची बोटं तिथंच चाचपत राहिली. नसीमाच हळू आवाजात म्हणाली, "माझी उंची होती ती. लहानपणी दर ईदला अब्बा मला इथं उभं करायचे आणि कानशीनं खूण करायचे."

मला तोंड कुठं लपवू असं झालं. सुनंदानं माझ्याकडं एकदा बघितलं, ड्रॉवर उघडला, कानस काढली आणि चाचांच्या हातात दिली.

चाचा खाली बसले. जमिनीपासून वितीनं मोजत वर आले. करकर, करकर! पहिली खूण. दुसरी.

"अब्बा, रंग खराब होतोय त्यांचा," नसीमा म्हणाली.

"होऊ दे," मी म्हणालो.

तिसरी, चौथी, पाचवी. मग सहावी, आणि ती पाचवीच्या बोटभर खाली! मी पडलो टर्नर, राहवेना.

"चाचा, चुकलं. सहावी पाचवीच्या खाली आली."

"नाय चुकलं. बराबर हाय."

मी नसीमाकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती.

"पाचव्या खुणेला मी टाचा उचलल्या होत्या," ती म्हणाली.