अर्धी नोटीस, अकरा पोती

चहा घ्या, पण घोट जपून घ्या. मागं एक पाहुणी हे ऐकता ऐकता ठसकली अन् तिचा सगळा चहा माझ्या नव्या लुगड्यावर आला. आता कुठून सुरू करू बाई! माझ्यासारख्या शहाण्या बाईनं असा घोळ घातला, असा घोळ घातला की शेवटी सरकारला त्याबद्दल अनुदान द्यावं लागलं!

मी रुक्मीन. गाव लातूरकडच्या मुरुडच्या अलीकडं. शाळेची पायरी चढले नाही, पण वाचता येतं. कुणी शिकवलं? किराण्याच्या पुड्यांनी! साखर डब्यात ओतायची अन् पुडीचा कागद चुलीपुढं बसून वाचायचा. आता पुडीचा कागद म्हणजे फाटकाच. बातमीला डोकं असलं तर पाय नाहीत, पाय असले तर डोकं नाही. उरलेलं मी मनानं जोडायची. अन् बरोबर जोडायची! हे वाक्य तेवढं ध्यानात ठेवा.

यंत्रही मनानंच जोडलं होतं. मोडक्या सायकलीचं पायडल अन् साखळी, बाजंची चौकट, तेलाच्या डब्याचे पत्रे खिळ्यानं भोकं पाडून केलेल्या दोन चाळण्या, अन् पुढं पत्र्याचा पंखा. बसून पायडल मारलं की टपोरी तूर एकीकडं, किडकी-बारकी दुसरीकडं, खडे खाली अन् भुसा हवेत. गावातल्या बाप्यांनी नाव ठेवलं होतं, 'रुक्मीनची मोटार'. ठेवा म्हटलं. तुमच्या घरची तूर निवडायला तुमच्याच बायका इथं येतात.

पण त्या साली निवडायला तूर होती कुठं? लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेलेले. विहिरीत बादली सोडली की नुसती खणखण वाजायची. बायांनी उतरंडीतलं बियाण्याचं गाडगं उघडून वरण करून खाल्लं, अन् मग रडल्या. लेकरं उपाशी ठेवून बी राखता येतं का? पण मिरगाला पेरायचं काय?

अशात एका सकाळी चावडीच्या भिंतीवर नोटीस दिसली. खळ लावून चिकटवलेली. अन् अर्धी कुणाच्या तरी शेळीनं खाल्लेली, खाली लेंड्या! चारा नाही म्हटल्यावर खळीचा कागद म्हणजे शेळीला पुरणपोळीच. माझं डोकं फिरलं. सरकारचा कागद, अन् शेळीनं खावा?

"जिची कुणाची ती शेळी आसंल ना," मी भर चावडीत ओरडले, "तिला चारचौघांत पदरानं तोंड झाकायची पाळी येवो!"

माझी धाकटी जाऊ सुंदर बाजूला उभी होती. म्हणाली, "अक्का, पर..."

"गप गं. वाचू दे."

उरलेलं असं होतं. पहिली ओळ, 'शासनातर्फे लहान'. दुसरी, 'बीज भांड'. तिसरी, 'आपले यंत्र घेऊन'. चौथी, 'सोमवारी लातूर येथे'. झालं की! मी पुडीसारखं जोडून टाकलं. शासनातर्फे लहान शेतकऱ्यांना, बीज, भांडं भरून, मिळणार! अन् यंत्र कशाला? अहो, सरकारी बियाण्यात खडे किती असतात! ते निवडायला यंत्र पाहिजे, अन् पंचक्रोशीत यंत्र कुणाकडं आहे?

खरं सांगते, त्या वेळी मला वाटलं की सरकारला माझी खबर लागली.

बाया जमल्या. एकीनं विचारलं, "भांडं न्यावं का पोतं?"

"भांड्यानं काय व्हतंय? पोती आना! बी घेतल्याबिगर परत आले तर रुक्मीन नाव लावनार न्हाई."

अकरा घरची अकरा पोती गोळा झाली. गुरुजी मध्ये येऊन म्हणाले, "रुक्मीनबाई, जरा मला बघू द्या, ते बियाण्याचं नसावं..."

"मला वाचता येतंय गुरुजी. तुमी पोरायला शिकवा."

सोमवारी मी, सुंदर, अकरा पोती अन् यंत्र एसटीच्या थांब्यावर. कंडक्टरनं यंत्राला दोन चकरा मारल्या.

"मावशी, ही सायकल हाय का बाज हाय? तिकीट कशाचं फाडू?"

"बाळंतिनीचं फाड. आज लेकरू घिऊन येनार हाय ती."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादचे हेलपाटे संपले म्हणून आम्ही खुशीत, पण कचेऱ्यांना इमारती कुठल्या? जिथं जागा मिळंल तिथं पाटी. उद्योग खात्याला मोंढ्यातली एक जुनी आडत भाड्यानं मिळालेली. आता मला सांगा, माझी काय चूक? आत पाऊल टाकलं तर तुरीचा वास! वर आढ्याला काट्याचा आकडा लटकलेला! मी सुंदरीला कोपरानं ढोसलं, "बघ. गोदामच हाय."

बाकड्यावर इस्त्रीचे कपडे घातलेले पाच-सहा शिकलेले पोट्टे फायली घेऊन बसलेले. एक म्हणाला, "मावशी, रेशन पलीकडं मिळतं."

"तू जा मंग पलीकडं. मला हितं बलिवलंय."

आत तीन साहेब. मधले मोठे, डावीकडं गोरेसे, उजवीकडं चष्मेवाले इंजिनियर. आम्ही यंत्र दारातून आडवं करून घेतलं. मोठे साहेब म्हणाले, "बसा बाई. बीज भांडवल कशासाठी हवंय?"

भांडवल! मी मनात म्हटलं, शहरात भांड्याला भांडवल म्हणत असतील.

"पेरायला," मी म्हटलं.

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. "वा! म्हणजे गावात उद्योग पेरायचा!"

"उद्योगच की. पेरनी काय झोपून व्हती?"

"फळ कधी अपेक्षित आहे?"

"पाऊस झाला तर पौषात. न्हाई झाला तर देवाला इचारा."

"प्रामाणिक आहेत," गोरे साहेब हळूच म्हणाले. "अजून कोण आहे तुमच्याबरोबर?"

"अकरा घरच्या बाया. समद्यायची पोती भाइर हायत."

मोठ्या साहेबांनी लिहिलं. मला उलटं वाचता येतं, पुड्यांनी तेही शिकवलं. त्यांनी लिहिलं होतं, 'अकरा महिलांना रोजगार'. म्हटलं, लिहू दे. बी पेरणं हाही रोजगारच.

"आणि परतफेड?"

"सवाईनं. चार पायल्याला पाच पायल्या, सुगीला मोजून घ्या. तेवढं दिढी मागू नका साहेब, दुष्काळ हाय."

मोठ्या साहेबांच्या हातातला पेन थांबला. "बाई, सरकार इतकं घेत नाही हो! आणि यातलं बरंचसं अनुदान आहे. ते परत द्यायचंच नसतं."

"फुकट?" मी उभीच राहिले. "मी भिकारीन वाटले का तुमाला? रुक्मीन फुकटचं घेत न्हाई!"

त्या खोलीत असं वाक्य त्याआधी कुणी बोललं नसावं. तिघंही माझ्याकडं देवीकडं बघावं तसे बघायला लागले. फक्त इंजिनियर साहेब पटणारे नव्हते. "यंत्र चालवून दाखवा," म्हणाले.

घरून गाळसाळ तूर आणलीच होती, खडे-मातीसकट. ओतली, पदर खोचला, बसले अन् हाणलं पायडल! पंखा असा फिरला की भुसा थेट साहेबांच्या चहात. फायली उडाल्या. सुंदर ओरडली, "अक्का, दमानं!" पण माझ्या अंगात आलं होतं. थांबले तेव्हा एका डब्यात मोत्यासारखी तूर अन् टेबलावर सगळीकडं दुष्काळ.

इंजिनियर साहेब उठले. डब्यात हात घालून दाणे तळव्यावर पसरले, चष्मा वर करून बघितले. खडा एक नाही.

"ही भोकं कशानं पाडली?"

"खिळ्यानं. टपोऱ्याला मोठा खिळा, बारक्याला बारका."

"शिकलात कुठं?"

"पुड्यावर."

"पुण्यात? कोणत्या कॉलेजात?"

"पुन्यात न्हाई वो, पुड्यावर! साखरंच्या पुड्यावर!"

चष्मेवाल्यांनी भुसा पडलेला चहा तसाच पिऊन टाकला अन् मोठ्या साहेबांना म्हणाले, "यांना नाही म्हणालो तर मी कशाचा इंजिनियर?"

मंजूर! "बाहेर बसा, कागद देतो," म्हणाले. मी कशाला बसते? पोती काखेत मारली अन् मागच्या दाराला गेले. तिथं शिपाई.

"कुठं निघालात?"

"गोदामात. बी भरायला."

"कशाचं बी?"

"बीज भांड्याचं! आत्ताच मंजूर झालंय, इचार साहेबाला."

शिपाई असा हसला की त्याची टोपी पडली. गलका ऐकून मोठे साहेब आले. पोत्यांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, अन् त्यांच्या ध्यानात सगळं आलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, बीज म्हणजे धंद्याचं बी. नव्या यंत्रावर धंदा काढणाऱ्याला सुरुवातीचं भांडवल. यातून पत्रा घ्या, बेअरिंग घ्या, मोटार घ्या. तूर नाही घेता येत."

"मंग बी कामून लिवलं?"

"ते सरकारला विचारा," म्हणत साहेबांनी मंजुरीचा कागद माझ्या हातात ठेवला. सरकारला मी अजून विचारतेच आहे.

बाहेर पायरीवर बसलो. मंजुरीचा कागद हातात, अन् पायाशी अकरा पोती, रिकामी. सुंदरीला रडू फुटलं. "अक्का, बाया थांब्यावर वाट बघून राहिल्यात. मिरगाला काय दगडं पेरायची?"

दगडं! मी मान वर केली. समोरच्या आडतीत बाहेरगावची तूर येऊन पडली होती. दुष्काळाचा माल, निम्मे खडे. चार बाया सुपानं पाखडत होत्या अन् आडत्या घड्याळ बघत होता.

मी उठले. "सावकार, समदी तूर निवडून देते. पैसा नको."

"मग काय पाहिजे?"

"पोत्यामागं एक वंजळ. पर ती मी निवडीन त्यातली."

आडत्या हसला. "ओंजळीनं काय होतंय मावशी! दोन घे."

त्यानं माझे हात पाहिले नव्हते. सूपच म्हणा ना!

दोन दिवस आम्ही दोघी जावांनी आळीपाळीनं पायडल हाणलं. शेजारचे आडतेही आपापली पोती ओढून घेऊन आले. सगळ्यात टपोरा, सगळ्यात भरलेला दाणा आम्ही ओंजळीत घ्यायचो. तिसऱ्या दिवशी गावच्या थांब्यावर उतरलो तेव्हा अकरा पोत्यांच्या तळाशी प्रत्येकी दोन-दोन पायल्या बी होतं. एका पोत्यानंही तोंड पाडलं नाही.

"सरकारनं दिलं?" बायांनी विचारलं.

"हाव," मी म्हटलं. खोटं काय त्यात? सरकारनं बोलावलं नसतं तर गेले असते का?

मिरगात पाऊस आला. तूर अशी आली की बांधावरून माणूस दिसेना. अन् पुढच्या साली त्याच भांडवलातून माझ्या तूर निवडायच्या कारखान्यावर पत्रे चढले, यंत्राला खरीखुरी मोटार बसली, त्याच अकराजणी कामाला लागल्या. नारळ फोडायला मोठे साहेब स्वतः आले. सगळा गाव जमला. अन् साहेबांनी भाषणात पोत्यांची सगळी गोष्ट सांगून टाकली हो! गाव पोट धरून हसला. गुरुजी तर खांबाला धरून हसले.

"पण बाई," साहेब म्हणाले, "नोटिशीत सगळं स्वच्छ लिहिलं होतं. तुम्ही वाचलं तरी काय?"

मी ताडकन उठले. "वाचू काय, कपाळ? अर्धी नोटीस कुण्या मेलीच्या शेळीनं खाल्ली व्हती!"

सुंदर माझा पदर ओढायला लागली.

"काय गं? बोल की मोठ्यानं!"

ती बोलली. मोठ्यानंच बोलली. "अक्का, ती शेळी आपलीच व्हती. म्या त्याच दिशी सांगत व्हते, तुमी गप म्हनलाव!"

सगळा गाव माझ्याकडं बघत होता. साहेब बघत होते. दाव्याला बांधलेली शेळी सुद्धा साहेबांच्या हारातलं झेंडूचं फूल चघळत बघत होती. मी काय केलं? पदर ओढला अन् तोंड झाकलं. चारचौघांत.

माझं काही म्हणा, पण शाप कधी वाया जात नाही.