तायडीच्या हक्कसोडीचा कागद

न्हाई, बबन्या, न्हाई लिहून देणार! "वकिली शिकतोस तर आपल्या तायडीच्या जमिनीतल्या हक्कसोडीचा कागद लिहून दे, मंगळवारची वेळ घेतलीय रजिस्ट्रेशनला," म्हणलास. आज मी न्हाई म्हणलं तर "कॉलेजात जाऊन तुझं डोकं फिरलंय," म्हणून फोन आपटलास. आता भावकीच्या ग्रुपवर टाकतोय. सगळ्यांनीच वाचा.

डोकं फिरलं न्हाई. पण तीन वर्गखोल्यांच्या त्या कॉलेजात रोज काहीतरी घडतं आन् घरी येईस्तोवर डोक्यात गर्दी होते. सांगितल्याशिवाय जेवण जात न्हाई.

*

ॲडमिशनचंच बघा. सतरा नंबरचा फॉर्म भरून बारावी, मंग मुक्त विद्यापीठातनं बीए, असं रखडत मी बावन्नाव्या वर्षी खिडकीपुढं उभा. क्लार्क म्हणला, "काका, मुलगा कुठंय?"

"मुलगा कंपनीत गेलाय. ॲडमिशन मला पाहिजे."

त्यानं वर-खाली बघितलं. फॉर्म दिला. त्यात पालकाची सही! म्हणलं, आईबाप दोघं गेले, आता कोणाची आणू? तो म्हणला, "ते मला माहीत न्हाई, रकाना मोकळा चालत न्हाई."

बायकोची सही नेली. घेतली त्यानं! तवापासनं घरात टीव्ही लावला की ती रिमोट काढून घेते. "अभ्यासाला बसा. मी पालक हाय!"

*

आमचा क्लास सकाळी सातला. लातूरकडचा संतोष चाकणला कंपनीत क्वालिटीला हाय. थर्ड शिफ्ट करून सरळ बाकावर. पायात सेफ्टी शूज, डोळे मिटलेले.

सर करार शिकवत होते. त्यांनी त्यालाच उठवलं. "मागवला एक माल, आला दुसराच. आता काय करायचं?"

संतोष डोळे न उघडता म्हणला, "रिजेक्टचा लाल टॅग लावा सर, बाजूला ठेवा. सही करू नका!"

सर म्हणले, "बरोबर आहे. झोप परत."

*

आमच्यात खोटं कोर्ट भरवत्यात, सरावाला. मूट कोर्ट म्हणत्यात. सर जज. समोरची वकील आकुर्डीची एक पोरगी, माझ्या लेकीच्या वयाची. केस बांध कोरल्याची.

मी कागद वाचायला लागलो आन् माझं टाळकंच सरकलं. शेजाऱ्याचा बांध दरसाल नांगराच्या एका तासानं, वीतभर, आत सरकतोय! बांध कसा कोरत्यात ते मला का शिकवायचं? टेबलावर हात आपटला. "साहेब, ह्यानंच कोरलाय! ह्याला सोडू नका!"

सर म्हणले, "काका, तो तुमचा अशील आहे."

"असू द्या की! म्हणून काय खोटं बोलू?"

सरांनी पोरीकडं बघितलं. ती उठली, वाकून म्हणली, "माय लॉर्ड, मला अजून काही बोलायचं नाही." आन् जिंकली!

*

वारसाहक्क शिकवायला एक मॅडम हायेत. बारीक आवाज, पण प्रश्न असा की दोन दिवस डोक्यातनं जात न्हाई. एकदा म्हणल्या, "ज्यांच्या घरात बहिणीनं हक्कसोड केलीय त्यांनी हात वर करा."

आमी गाववाली पोरं, म्हातारी, सगळ्यांनी ऐटीत हात वर केले.

"तिला काय दिलंत?"

"साडी!"

"कुठल्या रंगाची?"

सगळी एकमेकांकडं बघायला लागली. एक जण म्हणला, "मॅडम, साडी आमच्या मंडळींनी आणली हुती."

"बरं. तो कागद बहिणीनं वाचला होता का?"

हात खाली आले. मागं एकच वर राहिला. मॅडम खूश झाल्या. "बोला!"

"मॅडम, जरा बाहेर जाऊन येऊ का?"

*

आता कालचं. बबन्या, नीट वाच. काल मॅडमनी कागद लिहायचा सराव दिला. तू मागं लागलाच हुतास, म्हणून मी तायडीचीच हक्कसोड लिहिली. म्हणलं, एका कामात दोन कामं. 'मी माझ्या राजीखुशीने, कोणाच्याही दबावाला बळी न पडता' सगळं झ्याक लिहिलं.

मॅडमनी राजीखुशीखाली लाल रेघ मारली. "हे तुम्हाला कोणी सांगितलं? तिनं?"

माझं डोकं तापलं. "आमच्या घरातलं आमाला ठाव! माझी बहीण हाय, तिच्या मनातलं मला कळत न्हाई व्हय?"

"मग लावा फोन," मॅडम म्हणल्या. "स्पीकरवर."

मी बी इरेला पेटलो. लावला. अख्खा वर्ग कान देऊन. दिवाळीनंतर पहिल्यांदाच फोन केला मी तिला.

"तायडे, दादा बोलतोय."

"व्हय दादा," ती म्हणली. "कुटं यायचं सही करायला?" मी कागदाचं नावबी काढलं नव्हतं.

मंगळवारची वेळ आत्ताच्या आत्ता रद्द कर, बबन्या. आन् केली म्हणून ह्याच ग्रुपवर लिही.