मावशी आधीच उभी राहिली

मावशी भर कार्यक्रमात झोपेत चालायला लागली, असं गल्लीभर पसरलं. शेजारणीने वर फोडणी दिली, "डोळे मिटलेले, हात पुढे, थेट ढोलांवर आदळली, मी सांगते ना!" ही शेजारीण त्या दिवशी दाढ धरून घरी पडली होती.

तर तसं काही नाही. मावशी चालली नाही, आदळली नाही, नुसती उभी राहिली. आणि झोपेचं म्हणाल, तर काका गेल्यापासून झोप तिच्याकडे फिरकलीच नव्हती.

मावशी लॉन्ड्रीत इस्त्री करते. वाद्यवृंदातल्या निम्म्या व्हायोलिनवाल्यांच्या कॉलरी तिच्या हाताखालून जातात. संध्याकाळी ती त्यांच्याच गायकवृंदात खालच्या पट्टीत गाते. काका गेले तेव्हा ती रडली नाही, की कुणावर चिडली नाही. तिसऱ्या दिवशी कामावर हजर. मध्येच जळका वास आला म्हणून तिने शर्ट उचलून पाहिला. शर्ट ठीक होता, भाजलं होतं तिचं मनगट.

"दुखतंय का गं?" भाचीने विचारलं.

"दुखत असेल," मावशी म्हणाली, जणू कुणी शेजारच्यांची चौकशी केली होती.

भाची घाबरली ती तेव्हा. भाची म्हणजे हे लिहिणारीच, पण ते असो. दरवर्षीच्या मोठ्या सिंफनीच्या दिवशी ती म्हणाली, "शेवटी सगळे मिळून आनंदाचं गाता ना, तिथे तू रडणार. पैज! हरेल तिने, जिंकणारी सांगेल ते करायचं."

"बरं," मावशी म्हणाली.

या सिंफनीच्या पहिल्या तीन भागांत नुसती वाद्यं वाजतात. गायकवृंद मागे लाकडी बाकांवर, दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखा गप्प. चौथ्या भागाआधी सगळ्यांनी उठायचं. पण ढोलांच्या आड संचालक दिसतच नाही. दिसतो तो फक्त कडेला बसलेल्या मावशीला, म्हणून मावशी उठली की सगळे उठायचे. पंचाईत एकच, दिवसभर इस्त्री करून मावशीला तिथे हमखास डुलकी लागायची. त्यावर तोडगा काकांचा. प्रेक्षकांत वाटेकडेच्या खुर्चीत बसून ते वेळेवर खोकायचे, "अहम्... खॉ!" आधी हळू, मग अडकलेला ड्रॉवर ओढल्यासारखं.

"काय आहे ना," गायनमास्तर म्हणायचे, "आमचा खरा संचालक तिकडे खुर्चीत बसतो!"

यंदा मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. "काय आहे ना, या खेपेला मीच पडद्याआडून मान हलवीन. तुम्ही फक्त बघा." मावशीने बरं म्हटलं.

तिसरा भाग. व्हायोलिनं अगदी संथ. आणि अंधारातून कुठूनतरी, "अहम्... खॉ!"

मावशीचे गुडघे सरळ झाले. वाऱ्याने दार उघडावं आणि आपण बघत राहावं, तसं तिला वाटलं. तिच्यामागे अख्खा वृंद धडाधड उठला.

"एवढ्यात?" खर्जात गाणारा एक भोंगा कुजबुजला.

"गप रे! ती उठलीये ना!"

बाकं करकरतात, त्यामुळे आता बसायचीही सोय नाही. मास्तरांनी पडद्याआड कपाळ धरलं. पहिल्या रांगेतल्या आजींना वाटलं, कुणीतरी गेलंय. त्या काठी टेकत उठल्या. मग त्यांची रांग, मग मागची, मग सगळं सभागृह माना खाली घालून उभं. कुणासाठी, ते कुणालाच माहीत नव्हतं. मावशीने वाटेकडेच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे एक जाडे गृहस्थ रुमालात नाक शिंकरत उभे होते.

पुढे ढोल कडाडले, लोक बसले. मावशी आनंदाचा शब्दन् शब्द गायली, अचूक सुरात.

कार्यक्रम संपल्यावर मास्तर तिच्यापाशी आले. "काय आहे ना..." म्हणाले, आणि तिची गाण्याची वही स्वतःच उचलून दारापर्यंत घेऊन आले.

बाहेर भाची रुमाल काढून तयारच होती. तिने मावशीला दिव्याखाली नेऊन तिचे डोळे पाहिले.

"जरासुद्धा नाही?"

"बोट लावून बघ."

कोरडे. भाची हरली.

"मग आता काकांचा खोकला काढ," मावशी म्हणाली.

भाची अख्ख्या गल्लीच्या नकला करते. काका गेल्यापासून काकांची मात्र तिने एकदाही केली नव्हती. पण पैज ती पैज.

"अहम्... खॉ!"

मावशीने कॉलरची शिवण तपासावी तसं ते ऐकून घेतलं.

"पहिला जरा हळू," ती म्हणाली. "परत."